नागसेनचं ताट

लेकराचं ताट वेगळं ठेवा, हे वाक्य मी सतरा वर्षांत किती आयांना सांगितलं असेल त्याची मोजदाद नाही. सगळे एकाच ताटात जेवले तर लहान लेकराच्या पोटात नक्की किती गेलं हे कुणालाच कळत नाही. मोठी माणसं भराभर उरकतात, लेकरू दोन घास चिवडतं, आणि आई म्हणते, जेवलं की आमच्यासोबत. म्हणून ताट वेगळं. प्रशिक्षणात शिकवलेल्या शंभर गोष्टींपैकी नव्व्याण्णव मी विसरले असेन, ही विसरले नाही. आणि हीच माझ्या अंगाशी आली.

मी रेणुका. वडनेर भोलजीपासून सहा-सात किलोमीटरवरच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर लोक शाळेत बघायला येतील. माझी जीभ तिखट आहे हे पंचक्रोशीला माहीत आहे. लेकराला चहा-बिस्किटावर वाढवणाऱ्या आईला मी तिच्या सासूसमोर बोलते आणि सासूला तिच्या सुनेसमोर. आमच्या पोराचं हाडच बारीक आहे असं कुणी म्हणालं की मी पोराला काट्यावर ठेवते आणि म्हणते, हाड बोलत नाही, काटा बोलतो. लोक रागावतात, पण चार दिवसांनी त्याच पोराच्या हातात उकडलेलं अंडं दिसतं. मला तेवढं पुरे. अशी मी, आणि एका घरात मात्र मला खरं बोलता आलं नाही.

ते घर पूनमचं. आमच्याच वस्तीत, विहाराच्या मागे. नवरा संघपाल मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करतो, आठवड्याने घरी येतो. त्यांना दोन लेकरं. थोरला नागसेन आणि त्याच्या पाठची दीपमाला. नागसेन पावणेतीन वर्षांचा असताना तापानं गेला. तीन दिवसांचा ताप. खामगावला नेलं होतं, पण फार उशीर झाला होता. दीपमाला तेव्हा वर्षाची होती, अंगावर पीत होती.

तो गेला त्याच्या नवव्या दिवशी पाकिटं आली. तीन वर्षांच्या आतल्या लेकरांना घरी शिजवून खायचा आहार पाकिटांतून मिळतो, आणि तो मोबाइलवरच्या यादीप्रमाणे येतो. यादीत नागसेनचं नाव होतं. मी ते काढायला बसले. मोबाइलनं तारीख विचारली, कारण विचारलं. अंगठा बटणापर्यंत गेला आणि थांबला. ते पोरगं पाच दिवसांचं होतं तेव्हापासून मी त्याला काट्यावर ठेवत आले होते. प्रत्येक वेळी ते काट्यावर मुतायचं, आणि मी त्याला शिव्या घालायची. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या महिन्यात काढू. दुःखाचं घर आहे, एखादं पाकीट जास्त गेलं तर कुणाचं काय जातं. दीपमाला खाईल, पूनम खाईल.

दोघांची पाकिटं घेऊन मी गेले. पूनम चुलीपाशी बसली होती. तिनं पाकिटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे नागसेनचं हाय का, ताई?"

तेव्हा काय म्हणायला हवं होतं ते मला आज नीट माहीत आहे. तेव्हा मी म्हणाले, "हाव. ठेव."

तिनं ते पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जीव आल्यासारखा वाटला, आणि मला वाटलं, आपण चांगलं काम केलं.

पुढच्या महिन्यात नाव काढलं नाही, त्याच्या पुढच्याही. मग नागसेनची तीन वर्षं भरली असती तो दिवस आला, आणि मोबाइलनं आपोआप त्याचं नाव पाकिटांच्या यादीतून उचलून ताज्या आहाराच्या यादीत टाकलं. म्हणजे जी लेकरं अंगणवाडीत येऊन पंगतीत खिचडी खातात, त्यांच्या. मला सुटल्यासारखं झालं. त्याच्या नावाचं पाकीट आता येणार नव्हतं, हजेरी तर मी लावतच नव्हते. नाव बापडं पडून राहील एका कोपऱ्यात. मी याला माया म्हणत होते, तुम्ही कामचुकारपणा म्हणा. नंतर मी विसरून गेले.

दीपमाला सव्वातीन वर्षांची झाली तेव्हा अंगणवाडीत यायला लागली. मोठ्या डोळ्यांची, कमी बोलणारी पोरगी. पहिल्या दिवशी वजन अकरा किलो. बारीक होती, पण गावात तशी चार-पाच होतीच. दिवाळीनंतर ती दहा किलो सहाशे भरली. संक्रांतीला दहा किलो दोनशे. वाढत्या वयाचं लेकरू नुसतं थांबलं तरी आम्ही घाबरतो, ही तर उतरत होती. वाढीच्या तक्त्यावर तिचा ठिपका पिवळ्यातून लाल पट्ट्यात गेला.

माझं डोकं फिरलं. तडक पूनमकडे गेले आणि काय खाऊ घालतेस ते सांग म्हणाले. तिनं सांगितलं: सकाळी दूध-भाकर, दुपारी तुमच्याकडची खिचडी, चार वाजता शेंगदाणे-गूळ, रात्री वरण-भाकर, एक दिवसाआड अंडं. वरणावर चमचाभर तेल. जे जे मी शिकवलं ते ते सगळं. बोलायला मला जागाच ठेवली नाही. मग आरोग्य केंद्राच्या फेऱ्या सुरू झाल्या, त्यात एप्रिल उजाडला. जंत पाहिले, रक्त पाहिलं, छाती पाहिली. डॉक्टर म्हणाले आजार काही नाही, खाऊ घाला. सतरा वर्षं हेच सांगत फिरणाऱ्या बाईला त्यांनी सांगितलं की खाऊ घाला.

तेव्हा मी ठरवलं, ही पोरगी आपल्यासमोर कशी जेवते ते बघायचं. खरं सांगते, तोवर मी पंगत बघतच नव्हते. लेकरं जेवायला बसली की मी कोपऱ्यात मोबाइल घेऊन माहिती भरायची. वाढायचं काम कौशल्याबाईंचं, म्हणजे आमच्या मदतनीस. त्या दिवशी मी मोबाइल पिशवीत टाकला आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

आमची सतरंजी लहान. बावीस लेकरं तिच्यावर मांडीला मांडी लावून बसतात. दीपमालाच्या डाव्या हाताला मात्र एका लेकराएवढी जागा मोकळी होती. मी म्हटलं, सरका रे, जवळ बसा. कुणी सरकलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या जागेकडे पाहिलं आणि पुन्हा जेवायला लागली. एरवी हीच पोरं वीतभर जागेसाठी एकमेकांच्या झिंज्या उपटतात.

मी कौशल्याबाईंना हळूच विचारलं, हे असं कधीपासून आहे.

"तुम्हाले आज दिसलं का," त्या म्हणाल्या. "पोरगी याले लागली तवापासून हाय." त्यांनी हातातला डाव भांड्यात ठेवला. "तिच्या आंधी थे जागा दाराजवळ राहे."

नागसेनचं नाव पंगतीच्या यादीत कधी आलं ते मला आठवलं. मी मनात वर्षं मोजली आणि मोजून झाल्यावर वाटलं, मोजली नसती तर बरं झालं असतं.

इकडे दीपमालानं खिचडीच्या मधोमध बोटानं रेघ ओढली. अर्धी खिचडी अलीकडे, अर्धी पलीकडे. मग ताटली जरा डावीकडे सरकवली आणि आपल्या बाजूनं खायला लागली. मी एक लेकरू रडलं म्हणून तिकडे वळले. परत पाहिलं तर ताटली दोन्ही बाजूंनी स्वच्छ होती. खाली शीत नाही. कोंबड्या शिरतात म्हणून दार आम्ही आधीच लावलेलं असतं. मी तिच्याजवळ बसले आणि अर्धी खिचडी कोणाला दिली ते विचारलं.

"दादाले."

"कुठं आहे दादा?"

भलतंच विचारणाऱ्या मोठ्या माणसांकडे लेकरं बघतात तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "जेवून राह्यला ना, बाई."

त्याच दिवशी दिवेलागणीला मी न सांगता पूनमच्या घरी गेले. जेवायचीच वेळ होती. दीपमाला पाटावर बसलेली. तिच्यासमोर तिची ताटली, आणि शेजारी अजून एक. लहानशी स्टीलची, काठ उभे असलेली. तिच्यावर नागसेनचं नाव कोरलेलं होतं, त्याच्या नामकरणाला मामानं दिली तेव्हा मी तिथंच होते. पूनम उकडलेलं अंडं दोऱ्यानं कापत होती, बरोबर मधोमध. अर्धं या ताटलीत ठेवलं, अर्धं त्या. भाकरीचंही तसंच. तिनं मला पाहिलं आणि जराही चपापली नाही.

"लेकराचं ताट येगळं ठेवा म्हणता ना तुम्ही," ती म्हणाली. "दोघांचंबी येगळं हाय."

आमच्यात मेलेल्याच्या नावानं पान वाढत नाहीत. कावळ्याला घास नाही, पिंड नाही, ते सगळं आमच्या आजा-पणजांनीच सोडलं. कौशल्याबाईंच्या घरी पितृपक्षात पान वाढतात, पण वर्षातून एकदा, आणि जेवू घालून हात जोडून परत पाठवतात. इथं मात्र पान वाढायची रीत नसलेल्या घरात ती मीच सुरू केली होती, आणि परत पाठवायची कशी ते कुणालाच माहीत नव्हतं. मी पोरीला अंडं पूर्ण देत जा एवढंच पुटपुटले आणि निघाले. दारातून वळून पाहिलं तेव्हा दीपमालाच्या ताटलीत अजून अर्धी भाकर होती. नागसेनची ताटली रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइल उघडला. तारीख टाकली, कारण टाकलं, बटण दाबलं. दुपारी पंगत बसली तेव्हा दीपमालाशेजारच्या त्या जागेवर पंगतीतलंच एक पोरगं मांडी घालून बसलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी कौशल्याबाईंना म्हटलं, हे आधीच करायला हवं होतं.

आठ दिवसांनी दीपमालाला काट्यावर ठेवलं. नऊ किलो सातशे.

दंडाला पट्टी लावली तर तीही लालमध्ये. मी पंगतीत तिच्या समोर जाऊन बसले आणि नजर हलू दिली नाही. कौशल्याबाईंनी वाढलं. पोरीचे दोन्ही हात मांडीवर होते. ती जेवत नव्हती, नुसती बघत होती. मी डोळे चोळले असतील तेवढंच. ताटली रिकामी झाली होती आणि तिचे हात मांडीवरच होते. मी पुन्हा वाढायला लावलं. तेही गेलं. तिच्या ओठाला शीतसुद्धा लागलं नव्हतं.

मी तिला कडेवर उचललं आणि भर उन्हात पूनमच्या घरी नेलं. उचलताना कळलं की कडेवर काही उचलल्यासारखं वाटतच नाही. उंबऱ्यात बसले आणि सगळं बोलून टाकलं. तो गेल्यावर नाव काढायला हवं होतं ते मी काढलं नाही, ती पाकिटं त्याची नव्हती, कुणाचीच नव्हती, मी खोटं बोलले. आता नाव काढलंय, आता त्याचं काहीही येत नाही, तूही त्याचं ताट वाढू नको, ही पोरगी मरेल, पूनम. बोलता बोलता मी रडायला लागले.

पूनम रडली नाही. तिनं पोरीला माझ्याकडून घेतलं.

"मी काही येडी नाही, ताई. म्या माह्या हातानं त्याले मातीत ठेवलं. घर सामसूम झालं होतं माहं. मंग तुम्ही त्याचं जेवण आणून देल्लं. पाकीट दारात आलं आन त्याच्या मांगं तो आला." ती पोरीच्या केसांवरून हात फिरवत होती. "आता तुम्ही त्याचं जेवण बंद केलं. त्याचं ताट मी रोज वाढतो, पण आठ दिसापासून तसंच राह्यते. उपाशी लेकरू कुठी जाईन? बहिणीच्याच ताटात हात घालन ना."

"मग मी काय करू?" मी विचारलं. सतरा वर्षांत एखाद्या आईला हे मी पहिल्यांदा विचारत होते.

"मले काय माहीत," पूनम म्हणाली. "खाऊ घालाचं तुम्हीच शिकवता."

मे महिना होता. माझ्या पिशवीत शाळेला द्यायची यादी होती. दरवर्षी या दिवसांत सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या लेकरांची नावं आम्ही शाळेला कळवतो. तिथं ती पहिलीत बसतात आणि आमच्याकडचं त्यांचं जेवण संपतं, कारण शाळेत दुपारी जेवण मिळतं. यंदा अकरा नावं होती. मी ती यादी बाहेर काढली.

मी म्हटलं, "पूनम, नागसेन यंदा सहाचा झाला असता."

"बारा जूनले," ती लगेच म्हणाली.

"सहा वर्षांचं लेकरू आम्ही ठेवून घेत नाही. आमच्याकडचं त्याचं संपलं. आता तो मोठ्या शाळेत जाईल. तिथंच जेवेल."

हे बोलताना मला माझाच आवाज ओळखू येत नव्हता. एक खोटं निस्तरायला मी दुसरं बोलत होते की पहिल्यांदाच खरं बोलत होते, ते मला आजही सांगता येणार नाही. पूनमनं यादीवर बोट ठेवलं.

"नाव लिहान का त्याचं? माह्यासमोर?"

मी पेन काढला आणि बारावं नाव लिहिलं. तिनं ते दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी यादी शाळेत दिली. पहिलीच्या रेवती मॅडम पटसंख्येच्या चिंतेनं वाळत चालल्या होत्या. त्यांनी नावं वाचली नाहीत, मोजली. म्हणाल्या, बारा का, बरं झालं ताई, एक कमीच पडत होतं.

शाळा उघडली. त्याच आठवड्यात दीपमाला दहा किलोवर आली. जुलैत दहा किलो आठशे, ऑगस्टच्या सुरुवातीला अकरा किलो चारशे. ताटलीत रेघ ओढणं बंद झालं होतं. घरी पूनम एकच ताट वाढत होती, नागसेनची ताटली घासून-पुसून फळीवर ठेवली होती. एक दिवस दीपमालानं दुसऱ्या पोराच्या ताटलीतलं केळं पळवलं आणि मी तिला रागावायचं सोडून हसत सुटले. घरचं तूप आणून खिचडीत घालायला लावलं. कौशल्याबाई म्हणाल्या, तुम्हाले पोरगी झाल्यासारखी करता.

ऑगस्टच्या शेवटी काटा अकरा किलोवर आला.

आधी मी काटा बदलून पाहिला. मग पंगतीत आले, तर दीपमाला सतरंजीवर नव्हती. शाळा आणि आम्ही एकाच आवारात, मध्ये फक्त मैदान. ती खिचडीची ताटली दोन्ही हातांत सांभाळत मैदान ओलांडून गेली होती आणि शाळेच्या व्हरांड्यात पहिलीच्या पंगतीत जाऊन बसली होती. तिच्या डाव्या हाताला एका पोराएवढी जागा मोकळी होती. मी रेवती मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, तिथं बसतच नाहीत हो पोरं, फरशी गार लागते म्हणतात. भर ऑगस्टात, दुपारी साडेबाराला.

मी तिच्यापाशी वाकले आणि इथं का आलीस ते विचारलं.

"दादानं माह्यासाठी जागा धरली," ती म्हणाली. मग रेघ ओढता ओढता, तक्रार सांगावी तशी, "इथी त्याले कोणी वाढतच नाही, बाई."

बरोबर होतं तिचं. मीच त्याला पाकिटाच्या यादीतून पंगतीच्या यादीत जाऊ दिलं, पंगतीच्या यादीतून शाळेच्या यादीत पाठवलं. प्रत्येक ठिकाणी त्याचं नाव होतं. ताट मात्र आईशिवाय कुणीच वाढलं नव्हतं, आणि आईच्या घरातलं मी बंद केलं होतं. यादीतून नाव पुन्हा काढलं तर तो कुठं जाईल ते मी एकदा पाहिलं होतं.

मी पूनमकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. या वेळी खोटं काही नव्हतं, म्हणून फार वेळ लागला नाही. मी नागसेनची ताटली मागितली. ती उठली, फळीवरून ताटली काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. मी दारापर्यंत आले तेव्हा तिनं हाक मारली.

"तिखट कमी घालजा, ताई. भाकर कुस्करून देजा, तुकडे केले तर तो खात नाही. आन घाई नका करू त्याच्यावर. तो हळू जेवते."

मी मान डोलावली. एवढी वर्षं आयांना शिकवलं, आज एक आई मला शिकवत होती आणि मी शब्दही चुकू न देता ऐकून घेत होते.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीची पंगत कौशल्याबाईंवर सोपवली आणि डबा घेऊन व्हरांड्यात गेले. दीपमाला आधीच येऊन बसली होती. मी तिला उठवलं. म्हटलं, "जा, तुझ्या पंगतीत बस. आजपासून दादाले जेवू घालायची पाळी माही."

तिनं डावीकडे पाहिलं, विचारल्यासारखं. मग ताटली उचलून मैदानातून पळत गेली.

मी तिच्या जागेवर बसले. फरशी खरंच गार होती, माठाच्या बुडासारखी. नागसेनची ताटली डाव्या बाजूला ठेवली, माझ्या डब्यातली अर्धी भाकर वरणात कुस्करून तिच्यात घातली, आणि उरलेल्या अर्ध्यावर मी मान खाली घालून जेवले. डावीकडे पाहिलं नाही. आजपर्यंत पाहिलेलं नाही. जेवण झाल्यावर ताटली उचलते तेव्हा ती पुसल्यासारखी असते.

आता फेब्रुवारी आहे. रेवती मॅडमना वाटतं, मी पोरांच्या जेवणावर लक्ष ठेवायला येते. मी तसं वाटू देते. दीपमाला परवा तेरा किलो आठशे भरली, पहिल्यांदाच हिरव्या पट्ट्यात आली. पाच वर्षांची झाली. दिवसभर बडबड करते.

गरोदर बायांसाठी आमच्याकडे मोठा काटा आहे. दर महिन्याला लेकरांची वजनं झाली की मी त्याच्यावर उभी राहते. ऑगस्टात बासष्ट किलो होते, आज चौपन्न. अर्धा डबा दिला म्हणून एवढं उतरत नाही हे मला कळतं, कारण आता घरी मी दोन माणसांचं जेवते. घरच्यांनी हट्ट धरला म्हणून साखर तपासली, थायरॉइड तपासलं, सगळं चांगलं निघालं. डॉक्टर म्हणाले, ताई, खात जा. वहीच्या शेवटच्या पानावर मी माझं वजन लिहिते, जे असेल तेच. आमची शाळा चौथीपर्यंत आहे. अजून तीन वर्षं. तोवर मी पुरेन की नाही याची मला भीती वाटते, रोज व्हरांड्याकडे निघताना वाटते, पण दीपमालाचा दंड आता माझ्या मुठीत मावत नाही, आणि तो आठवला की पाय पुढे पडतात.

काल संध्याकाळी पूनम विहिरीपाशी भेटली. इकडंतिकडं बघून तिनं हळूच विचारलं, "जेवते का तो, नीट?"

"हाव," मी म्हणाले. "ताट पुसून खाते."

तिला बरं वाटलं. या वेळी ते खरं होतं.